डॉक्टरांचं बिऱ्हाड

श्रूजबरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम होता. आरती झाली होती, प्रसादाची रांग लागली होती, आणि पांढऱ्या मिशीचे, अंगाने बारीक असे एक गृहस्थ मागच्या दारात उभे राहून हिरवळीवर अनवाणी पळणाऱ्या पोरांना आत हाकलत होते. चपला घातल्याशिवाय गवतात पाय ठेवायचा नाही म्हणे. माझी सानिका तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "काका, इट्स जस्ट ग्रास." ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि पायाच्या कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि घशातून पोटात असा जंताचा सगळा प्रवास बोटाने स्वतःच्या अंगावर काढून दाखवला. पुढचे सहा महिने ती घरातसुद्धा मोजे काढेना.

मला राग आला होता. मी जाऊन विचारलं की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, एवढ्या थंडीत, असले जंत असतात तरी का.

"नसतात," ते म्हणाले. "एक जागा सोडून." आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

मला वाटलं, वेडा माणूस आहे. त्याच हिवाळ्यात मला एका मेडिकल कॉलेजात लॅब मॅनेजरची नोकरी लागली. पहिल्या दिवशी मोठ्या खोलीत गेले तर खिडकीशी तेच बसलेले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न पाहता आधी माझ्या बुटांकडे पाहिलं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर समितीच्या फायलीतला 'डोनर सात' आणि ते नाव जुळेल, आणि ते जुळू नये म्हणूनच आठ वर्षं त्या फायलींच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. ते मला बाई म्हणत.

लॅबचं काम सांगायला सोपं आहे, करायला कटकटीचं. माणसाच्या आतड्याचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढतात. त्यातल्या मूळ पेशी जेलच्या थेंबात रुजवतात, दर दोन दिवसांनी त्यांना ताजा द्रव घालतात, आणि आठवड्याभरात तिथे बारके, पोकळ, पारदर्शक गोळे तयार होतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. आतड्याच्या अस्तरात जे असतं ते बहुतेक सगळं त्या गोळ्यात असतं. अन्न शोषणाऱ्या पेशी, चिकट बुळबुळीत द्रव सोडणाऱ्या पेशी, जंत आला की वर्दी देणाऱ्या पेशी. फक्त रक्त नसतं. डॉक्टर त्यांना साबुदाणा म्हणायचे, आणि दिसायचेही ते तसेच. "आज साबुदाणा चांगला फुगला," असं त्यांनी सकाळी सांगितलं की आमचा दिवस बरा जायचा.

या साबुदाण्यावर जंत सोडायचे आणि काय होतं ते बघायचं. अडचण अशी की आतड्याची जी बाजू जंताला भेटते ती गोळ्याच्या आत असते. त्यामुळे गोळा उघडून अस्तर सपाट पसरावं लागतं. केसासारख्या सुईने हे काम तासन्‌तास करायचं. सगळ्या लॅबमध्ये डॉक्टरांइतका स्थिर हात कुणाचा नव्हता. सत्तरीला टेकलेला माणूस, पण सुई धरली की बोट हलायचं नाही.

दुसरी अडचण जंतांची. हुकवर्म म्हणजे आकड्याच्या तोंडाचा, आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. त्याची आम्हाला हवी होती ती जात माणसाशिवाय कशात धड वाढत नाही. उंदरात नाही, काचेच्या बशीत तर नाहीच. म्हणजे कुणातरी माणसाने तो पोटात वागवायला हवा. यासाठी रीतसर परवानगी मिळते. समिती असते, अर्ज असतात, फायलीत नावाऐवजी 'डोनर' आणि आकडा असतो. मोजून थोड्या अळ्या दंडावर पट्टीखाली ठेवतात, त्या कातडीतून आत शिरतात. मग दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. हिमोग्लोबिन ठरलेल्या रेषेखाली गेलं की जंताची गोळी घ्यायची, एकच, आणि विषय संपला. डॉक्टरांनी मी यायच्या आधीच ही परवानगी घेतली होती. आपल्या पोटातल्या मंडळींना ते बिऱ्हाड म्हणत. "बिऱ्हाड बरं आहे," हे त्यांचं दर सोमवारचं उत्तर.

सोमवारी सकाळी ते खाकी कागदी पिशवीतून झाकणाचा पांढरा डबा आणायचे. त्यात काय असायचं ते सांगायला नको. नवीन विद्यार्थी आला की आमची बॉस लॉरा त्याला मुद्दाम सोमवारी बोलवायची. पिशवी बघून जो टिकला तो टिकला. डॉक्टर मात्र पोस्टमनने पत्र द्यावं तसा तो डबा ठेवायचे आणि हात धुवायला जायचे. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यातून अळ्या निघत, त्या आमच्या साबुदाण्यावर जात.

बिऱ्हाडाची त्यांना फार काळजी. लसूण खात नसत, कारलं खात नसत. याला शास्त्रीय आधार काय असं मी विचारलं, तर म्हणाले, आधार नाही, पण उगाच कशाला. एकदा माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सासूबाईंनी पाहुणचार म्हणून त्यांना ओवा आणि वावडिंग घातलेलं कोमट पाणी आणून दिलं. वास येताच डॉक्टर ताडकन उठले, पेला घेऊन बेसिनशी गेले, ओतला आणि दोनदा चूळ भरली. सासूबाईंना काही कळेना. मी म्हटलं, त्यांना सोसत नाही. "जंतावर चांगलं असतं ते," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच, काकू." डॉक्टर त्यांच्याच वयाचे. त्यांना काकू म्हटल्याबद्दल सासूबाईंनी मला पुढे दोन दिवस ऐकवलं.

सवयी तरी किती सांगू. कुणी काहीही म्हणालं की ते विचारायचे, "मोजलं का?" आज थंडी फार आहे. मोजली का? सानिकाला ताप आहे. मोजला का? लॉरा एकदा कॉन्फरन्सहून परतली आणि लोकांना आपलं काम खूप आवडलं असं म्हणाली, तर यांनी टाळ्या मोजल्या का म्हणून विचारलं. ती हसली. ते हसले नव्हते.

ते मुळात जनावरांचे डॉक्टर. भंडाऱ्याकडे सरकारी दवाखान्यात होते. बकऱ्यांना जंताचं औषध पाजायला गावोगाव जायचे. बांधावर बाया उभ्या असायच्या, धानाच्या चिखलात दिवसभर अनवाणी राबून आलेल्या. एकीने पापणी खाली ओढून दाखवली. आत पांढरीफटक. ती म्हणाली, साहेब, बकरीला देता तशी एक मलाही द्या ना. "'नाही देता येत,' मी म्हणालो," असं त्यांनी मला सांगितलं. "जनावराचं औषध माणसाला कसं द्यायचं?" पुढच्या खेपेला ती बाई नव्हती. एवढंच सांगितलं. ही गोष्ट त्यांनी आठ वर्षांत एकदाच सांगितली, तीही पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना. मी दुसऱ्या बाजूची काच खरवडायला घेतली.

आता वह्यांविषयी, कारण पुढचं सगळं वह्यांमुळे झालं.

डॉक्टरांचा कंप्युटरवर विश्वास नव्हता. ते भारतातून आणलेल्या जाड रेघी वह्यांत लिहायचे. मराठीत, मराठी आकड्यांत. तारीख, नमुन्याचं वजन, किती अंडी, किती अळ्या, साबुदाण्याच्या कुठल्या बशीवर किती सोडल्या, स्वतःला बरं वाटतंय का. लॉराने इंग्रजीत लिहायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं हाताला जे वळण आहे त्यात चूक होत नाही, इंग्रजीत होईल. मग तोडगा निघाला. दर शुक्रवारी ते एका बोटाने टाइप करून ठरलेल्या फॉर्ममध्ये ठरलेले आकडे भरायचे. फॉर्मात जेवढे रकाने होते तेवढंच. त्या इमारतीत त्या वह्या वाचू शकणारी मी एकटी होते, आणि मी त्या कधी उघडल्या नाहीत. माझ्याकडे ऑर्डरी होत्या, गॅसच्या टाक्या होत्या, समितीचे फॉर्म होते. दुसऱ्याच्या वहीत डोकवायला वेळ कुणाला होता?

गेल्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा धास्ती वाटली. बर्फ पडून कॉलेज बंद होतं, पण साबुदाण्याला खायला घालावंच लागतं, तो सुट्टी पाळत नाही. आम्ही दोघं गेलो. पार्किंगपासून दारापर्यंतचा चढ फार नाही. डॉक्टर मध्ये दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा बूट बघतोय असा बहाणा केला. आत गेल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि मी त्यांची नखं बघितली. मेणासारखी होती. मी विचारलं, बरं आहे ना? म्हणाले, बिऱ्हाड बरं आहे.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. चोरून. जिन्यावर त्यांच्या मागे राहायचे आणि ते किती पायऱ्यांनी थांबतात ते बघायचे. आधी एक मजला, मग दहा पायऱ्या, मग लिफ्ट. डब्यात पिठलं-भाकरी जाऊन नुसता खजूर यायला लागला. घरी भाजी चिरताना मला ती नखं दिसायची. एकदा लॅबमधून फोन आला आणि नंबर बघूनच माझ्या हातातली पातेली सटकली. जेल संपलं हे सांगायला फोन होता.

आणि मला हेही माहीत होतं की त्यांचा रक्ताचा रिपोर्ट आलेला नाही. दर तीन महिन्यांनी तो माझ्या टेबलावर यायचा, मी फायलीत लावायचे. नोव्हेंबरचा आला नाही. मी विचारलं, ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतो. फेब्रुवारीचा आला नाही. मी विचारलं, ते तेच म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. यामागचं कारण मी सरळच सांगते. आमची ग्रँट संपत आली होती. ती पुढे चालू राहील की नाही हे एका शेवटच्या प्रयोगावर ठरणार होतं: डॉक्टरांच्याच आतड्याचा साबुदाणा आणि परक्या माणसाच्या आतड्याचा साबुदाणा शेजारी ठेवून दोन्हींवर तेच जंत सोडायचे, आणि वर्षानुवर्षं जंत वागवलेलं आतडं त्यांना वेगळं वागवतं का ते बघायचं. त्याला अळ्या भरपूर लागत होत्या. आणि त्या वर्षी त्या भरपूर येत होत्या, आधीपेक्षा जास्त. लॉरा खूश होती. माझा पगार त्या ग्रँटमधून येत होता. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, सानिका कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. रिपोर्ट रेषेखाली आला तर गोळी, गोळी म्हणजे अळ्या बंद. मी पुन्हा विचारलं नाही.

एप्रिलमध्ये समितीचा वार्षिक फॉर्म आला. या वेळी त्यात सगळ्या वर्षांचे अंड्यांचे आकडे मूळ नोंदींवरून मागितले होते. डॉक्टर दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी खुर्ची ओढली आणि वह्या उघडल्या.

जंत म्हातारे होतात. त्यांची अंडी कमी होत जातात. तसे आकडे सुरुवातीची काही वर्षं हळूहळू उतरतच गेले होते. मग गेल्या वर्षीपासून चढायला लागले. मी दोनदा तपासलं. मी काही शास्त्रज्ञ नाही, नाशिकला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय एवढंच, पण म्हातारी बिऱ्हाडं आपोआप वाढत नाहीत हे कळायला ते पुरतं. आकडे जिथे चढायला लागले त्याच्या दोन महिने आधीच्या पानावर त्यांच्या सुरेख, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: डावा दंड, ३०. खाज दोन दिवस. आठवड्यानंतर खोकला. आणि सहा महिन्यांनंतर, नोव्हेंबरात, आणखी एक: उजवा दंड, ६०. खाज पाच दिवस. खोकला बराच.

परवानगी एकदाच होती. त्या पहिल्या खेपेची. या दोन्ही कुणालाही न विचारता.

वही बंद करून मी ती परत जागेवर ठेवली, मग पुन्हा काढली. मला वाटत होतं की कुणी तरी आत येईल आणि बघेल, जणू चोरी मीच करत होते. आणि लपवलेलं काहीच नव्हतं. तारखेसह सगळं वह्यांच्या उघड्या कपाटात जवळजवळ वर्षभर पडून होतं.

ते दुपारी आले. एका बाजूचा गाल दातामुळे सुजलेला. मी त्यांना चहाच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि वही समोर ठेवली.

"मी लिहून ठेवलंय की," ते म्हणाले.

"मला सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही, बाई." मग मऊ आवाजात म्हणाले, "नवा डोनर आणायचा म्हणजे वर्ष गेलं असतं. माझे म्हातारे झाले होते. अळ्या कुठून आणायच्या होत्या?"

मी म्हटलं, रक्त तपासायला आत्ता चला, माझ्या गाडीतून. ते म्हणाले, शुक्रवारी. मी म्हटलं, आत्ता. ते आले, कारण पार्किंगपर्यंत वाद घालायला त्यांच्यात दम नव्हता.

हिमोग्लोबिन सहा पॉइंट नऊ निघालं. क्लिनिकमधल्या बाईने तो आकडा बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं, मग मला विचारलं की हे इथे चालत आले का. तिथूनच त्यांना हॉस्पिटलात नेलं. हृदयावर ताण आलाय असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. रक्त चढवलं. आणि गोळी घ्या म्हणाले.

डॉक्टरांनी गोळीला नकार दिला. शांतपणे. पुढच्या सोमवारचा नमुना मिळाला की प्रयोगापुरत्या अळ्या होतात, मग घेतो, म्हणाले. त्या डॉक्टरने समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला की पेशंट शुद्धीवर आहे, त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, पण रक्त इकडून घालायचं आणि तिकडून ते पिणारे ठेवायचे याला आपण उपचार म्हणत नाही. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "माणूस हुशार आहे." मला त्यांना हलवून जागं करावंसं वाटलं.

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. दर दोन तासांनी फोन बघायचे. सानिकाने व्हिडिओ कॉल केला, माझा चेहरा बघून म्हणाली, "आई, यू लुक टेरिबल. काय झालं?" मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "सो जस्ट टेल देम." तिचं बरोबर होतं. समितीला सांगितलं तर प्रोजेक्ट थांबणार, त्या दिवसानंतरची एकही अळी कुणी वापरणार नाही, मग त्यांना जंत ठेवायचं कारणच उरणार नाही. आणि आमची ग्रँटही उरणार नव्हती. लॉराला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नियमाप्रमाणे रिपोर्ट तू लिहायचास, तू लिही. ती असं म्हणू शकली, कारण तिची नोकरी कॉलेजात कायमची होती.

सोमवारी समितीकडे रिपोर्ट जायचा होता. रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलात गेले.

मी काय लिहिलं होतं ते सांगते. डोनर सातने परवानगीबाहेर एकदा, तीस अळ्या घेतल्या. एकदा. साठचा उल्लेख नाही. एकदा म्हणजे चूक, दोनदा म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. एका चुकीवर ताकीद मिळते, कागद वाढतात, काम चालू राहतं. असे रिपोर्ट मी आधी पाहिले होते. आणि रक्ताच्या रिपोर्टांबद्दल लिहिलं होतं की ते वेळेवर मिळाले नाहीत. कुणी मागितले नाहीत हे लिहिलं नव्हतं. मला पटवून घेता येत होतं की यात सगळ्यांचं भलं आहे. गोळीचं मी त्यांना गोडीगुलाबीने पटवेन, असा माझा बेत होता.

डॉक्टर उशीला टेकून बसले होते. हाताला नळी, ओठांवर जरा रंग आलेला. मी म्हटलं, उद्या जायचंय, एकदा बघून घ्या. त्यांनी चष्मा लावला. ते इंग्रजी सावकाश वाचायचे, ओठ हलवत. मी खुर्चीच्या काठावर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होते. दुसऱ्या परिच्छेदावर ते थांबले.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "दोनदा आहे. तीस आणि साठ."

"माहीत आहे मला."

"मग?"

"दोनदा लिहिलं तर सगळं बंद होईल, डॉक्टर. तुमचं काम. लॉराचं. माझी नोकरी."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. बाहेर कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी गेली.

"बाई, तीस लिहिलं आणि सहा पॉइंट नऊ लिहिलं," ते म्हणाले, "तर पुढे कुणी वाचेल की तीसमध्ये माणूस इतका पडतो. खोटं आहे ते. किंवा कुणी वाचेल की सत्तरीतला म्हातारा तीस घेऊन जगला, आणि साठ कुणीच कधी घेतले नाहीत. मग उद्या कुठलं तरी पोरगं आपणच पहिले म्हणून साठ लावून घेईल. त्याला कोण सांगणार आहे?"

"तुम्ही सांगा ना. जगलात तर."

हे मी बोलायला नको होतं. ते हसले मात्र, दुखऱ्या बाजूचा गाल धरून. "बरं," म्हणाले. "द्या इकडे."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. मी अडवलं नाही. दुसरी तारीख. उजवा दंड. साठ. खाज किती दिवस, खोकला किती दिवस. हे कुणाला विचारून केलं या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं, कुणालाही नाही. मग गेल्या नऊ महिन्यांतल्या सगळ्या अळ्या अशा मार्गाने आलेल्या असल्याने त्यांवरचे निष्कर्ष धरू नयेत, अशी एक ओळ. ती लिहिताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. सुई धरताना जे बोट कधी हललं नाही ते.

शेवटच्या परिच्छेदापाशी, रक्ताच्या रिपोर्टांच्या वाक्यापाशी, ते आले. वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला हात न लावता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"तुमचं तुम्ही बघा," म्हणाले.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्याखाली लिहिलं की नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे रिपोर्ट मिळवणं ही माझी जबाबदारी होती, प्रत्येक वेळी मी एकदाच विचारलं, मिळाले नाहीत हे मला माहीत होतं आणि मी कळवलं नाही. चार ओळी झाल्या. त्या लिहायला डॉक्टरांच्या सगळ्या मजकुराइतका वेळ लागला. खाली माझं नाव घातलं आणि सोमवारची वाट न बघता पाठवून दिलं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

त्यांनी थोडा वेळ पोटावर हात ठेवला. मग बेडच्या कडेची घंटा दाबली. नर्स आली तेव्हा त्यांनी तिला नाकारलेली गोळी आणायला सांगितली. ती म्हणाली, शुअर? ते म्हणाले, शुअर. गोळी आली, लहान कागदी कपात. ते ती कपातच हलवत राहिले, बराच वेळ. नर्स घड्याळ बघायला लागली. मी तिला म्हटलं, तुम्ही जा, मी बघते, आणि त्यांच्यासाठी ग्लासात पाणी ओतलं.